काखेत कळसा, गावाला वळसा

‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण ज्या कोणी रचली, त्याच्या डोळ्यांपुढे पाणवठ्यावरून परतणारी एखादी विसरभोळी गृहिणी असावी. ही म्हण एक दिवस शब्दशः खरी होईल, काखेसाठीच माणसे गावाला वळसा घालू लागतील, असे मात्र त्याच्या स्वप्नातही आले नसेल. आज ते घडले आहे. घामाच्या वासावर इलाज शोधण्यासाठी आपण बाजारात जातो. तेथे फवाऱ्याचे डबे, रोल-ऑनच्या बाटल्या, मेणासारख्या कांड्या यांची रांग उभी असते. आणि त्या रांगेत अलीकडे काही नवे मानकरी येऊन बसले आहेत. त्यांच्या अंगावर हिरव्या पानाचे चित्र असते, ‘नैसर्गिक’ हे बिरुद असते, ‘ॲल्युमिनियममुक्त’ अशी ग्वाही असते. आणि किंमत शेजारच्या बाटलीच्या दुप्पट, क्वचित तिप्पटही असते.

ही जादा किंमत मोजणे योग्य आहे काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. साहित्य, समाज, राजकारण असे भारदस्त विषय सोडून वार्षिकाच्या पानांवर काखेची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्या वयात हे वार्षिक वाचले जाते, त्याच वयात ‘आपल्या अंगाला वास तर येत नाही ना?’ ही शंका माणसाला सर्वांत अधिक छळते. अशा शंकेचा कोणी व्यापार मांडला, की पैसे बहुधा त्यांचेच जातात, ज्यांच्याजवळ ते मोजके असतात. म्हणून विषय लहान असला तरी टाळण्याजोगा नाही. माझे उत्तर आरंभीच सांगितलेले बरे: ही जादा किंमत मोजण्याचे कारण बहुतेकांना नाही. पण नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही. का नाही, हे पाहिले पाहिजे.

प्रथम घामाचीच बाजू ऐकून घेऊ, कारण त्याच्यावर आरोप फार झाले आहेत. घामाला वास येतो, हा आपला सार्वत्रिक समज. तो पुरता खरा नाही. आपल्या सर्वांगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी पसरलेल्या आहेत. त्यांतून पाझरतो तो जवळजवळ पाणी आणि मीठ. त्याचे काम एकच, उन्हात नि कष्टात शरीर थंड ठेवणे. याखेरीज दुसऱ्या जातीच्या ग्रंथी काखेत आणि जांघेत असतात. त्या बालपणी निद्रिस्त असतात आणि वयात येताना जाग्या होतात. त्यांच्या दाटसर स्रावात स्निग्ध द्रव्ये नि प्रथिने असतात. पण तो स्रावही ताजा असताना जवळजवळ निर्गंधच असतो. काखेच्या उबेत नि ओलाव्यात जे जीवाणू वस्तीला असतात, ते या द्रव्यांवर ताव मारतात, त्यांचे विघटन करतात आणि त्यातून वास निर्माण होतो. म्हणजे गुन्हेगार घाम नव्हे. घाम हे केवळ त्या जीवाणूंचे अन्न. नुकतीच अंघोळ करून आलेला माणूस कितीही घामेजला तरी त्याला लगेच वास येत नाही, याचे कारण हेच.

यावरून इलाजाचे दोन मार्ग स्पष्ट होतात. एक, जीवाणू कमी करावेत किंवा वास झाकावा. दुसरा, घामच रोखून धरावा. पहिले काम करणाऱ्या वस्तूला डिओडोरंट म्हणतात, दुसरे काम करणाऱ्या वस्तूला अँटिपर्स्पिरंट. मराठीत आपण एकाला गंधनाशक आणि दुसऱ्याला घामरोधक म्हणू. बाजारात आणि बोलण्यात या दोहोंची सरमिसळ होऊन सगळ्यांनाच ‘डिओ’ हे एक लाडके नाव पडले आहे. आणि या लेखाचा सारा गोंधळ त्या सरमिसळीतून जन्मलेला आहे.

कारण ॲल्युमिनियमचा संबंध येतो तो मुख्यतः घामरोधकाशी. ॲल्युमिनियमचे क्षार घामात विरघळतात आणि घर्मग्रंथीच्या तोंडाशी चिकट बूच तयार करतात. काही काळाने ते झडून जाते. घाम खऱ्या अर्थाने कमी करणारी ही एकच युक्ती दुकानातल्या साध्या बाटलीत आजवर साधलेली आहे. तिचा पराक्रमही बेताचाच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार घाम निदान 20 टक्के घटला, तरी ते द्रव्य ‘घामरोधक’ म्हणवून घेऊ शकते. उलट, नुसता गंधनाशक फवारा म्हणजे मुख्यतः मद्यार्क, सुगंध आणि डब्यातून ते बाहेर ढकलणारा वायू. आपल्याकडे तरुण मंडळी जे सुगंधी फवारे अंगावर मारतात, त्यांपैकी बहुतेक याच वर्गातले. त्यांत ॲल्युमिनियम मुळात नसतेच.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या वस्तूत ॲल्युमिनियम पूर्वीही नव्हते, तिच्यावर ‘ॲल्युमिनियममुक्त’ असे ठसठशीत छापणे खोटे नव्हे. पण ते ‘दगडविरहित पोहे’ म्हणून पोहे विकण्यासारखे आहे. शिवाय ज्याला घाम थांबवायचा आहे, त्याच्या हाती ‘ॲल्युमिनियममुक्त’ बाटली देणे म्हणजे छत्री मागणाऱ्याला अत्तर देणे होय. ती बाटली वास कमी करील. सदरा मात्र भिजायचा तो भिजेलच.

मग ॲल्युमिनियमची एवढी धास्ती आली कोठून? तिचीही कुळकथा आहे. 1965 मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले असता चेतापेशींत विकृती झाल्याचे आढळले. पुढे सत्तरीच्या दशकात, मूत्रपिंडे निकामी झाल्याने यंत्राद्वारे रक्त शुद्ध करून घेणाऱ्या काही रुग्णांना मेंदूचा गंभीर विकार झाला आणि त्याचे मूळ ॲल्युमिनियममध्ये सापडले. या दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून विस्मृतीच्या विकाराशी, म्हणजे अल्झायमरशी, या धातूचे नाते जोडले गेले. परंतु मेंदूत सुई टोचणे किंवा थेट रक्तात धातू जाणे वेगळे आणि काखेला रोल-ऑन फिरवणे वेगळे. अल्झायमरच्या बाबतीत या दुसऱ्या क्रियेवर दोष ठेवता येईल असा खात्रीलायक पुरावा पुढील अनेक दशकांत मिळाला नाही.

दुसरी भीती स्तनाच्या कर्करोगाची. 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस संगणकावरील पत्रांतून एक निनावी मजकूर देशोदेशी फिरला. घाम रोखला की शरीरातील विषे बाहेर पडत नाहीत, ती काखेत साचतात आणि त्यातून कर्करोग होतो, असा त्याचा आशय. विषे बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. काख ही शरीराची मोरी नव्हे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असावे. तरीही संशोधकांनी तपासणी केली. 2002 मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी हा कर्करोग झालेल्या 813 आणि न झालेल्या 793 स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली; घामरोधकाचा नि रोगाचा संबंध आढळला नाही. निष्पक्षपणासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2017 मध्ये ऑस्ट्रियातील एका अभ्यासात, तिशीच्या आधीपासून दिवसातून अनेक वेळा अशी प्रसाधने वापरल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांत या रोगाचे प्रमाण अधिक दिसले. पण त्यात वर्षानुवर्षांपूर्वीच्या सवयी आठवून सांगायच्या होत्या. आणि ज्या माणसाला रोग झाला आहे, तो आपल्या भूतकाळात कारणे अधिक कसोशीने शोधतो, हा मानवी स्वभावच आहे. केवळ तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

त्वचेतून हा धातू शरीरात किती शिरतो, हा खरा कळीचा प्रश्न. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्या काखेला खुणेचा ॲल्युमिनियम क्षार लावून पाहिला, तेव्हा त्यातला सुमारे 0.012 टक्के भाग शरीरात गेला. दोनच माणसांवरचा प्रयोग अपुरा म्हणून पुढे अधिक व्यक्तींवर तो झाला, आणि शोषण आणखी कमी असल्याचे दिसले. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने 2014 मध्ये या प्रसाधनांविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. नवी माहिती हाती आल्यावर त्याच संस्थेने 2020 मध्ये, अशा नियमित वापराने आरोग्यास अपाय होण्याचा संभव नाही, असे मत दिले. युरोपीय संघाच्या शास्त्रीय समितीनेही त्याच वर्षी ठरावीक प्रमाणापर्यंतचा वापर सुरक्षित मानला. नवा पुरावा आल्यावर आपला इशारा सौम्य करणे, ही विज्ञानाची कमजोरी नव्हे. ते त्याचे शील आहे.

आणि थोडे आपल्या स्वयंपाकघरातही डोकवावे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 8 टक्के असलेला हा धातू. त्याच्यापासून पळून जाणार कोठे? आपल्याकडे ज्याला ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती ॲल्युमिनियमचीच. त्या पातेल्यात चिंच-गुळाची आमटी वर्षानुवर्षे रटरटत आली, आणि आंबट पदार्थ या धातूचा अंश ओढून घेतो हेही खरे. जळजळ झाली की आपण जे पांढरे औषध चमच्याने घेतो, त्यांपैकी अनेकांत ॲल्युमिनियमचाच क्षार असतो. पातेले तेच, औषध तेच, आणि काखेत मात्र चारशे रुपयांचे सोवळे! हा विवेक नव्हे. ही शिवाशिव आहे.

अर्थात, भीती सोडून दिली पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. एखाद्याला मनातून हा धातू अंगाला लावू नयेसे वाटत असेल, तर तो त्याचा अधिकार. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी तर वैद्याला विचारल्याखेरीज घामरोधक वापरू नयेच. अमेरिकेत तशी सूचना बाटलीवर छापणे सक्तीचे आहे. माझे म्हणणे एवढेच, की ॲल्युमिनियम टाळायला जादा पैसे लागत नाहीत. साबण आणि पाणी ॲल्युमिनियममुक्त आहे. साधा गंधनाशक फवारा बहुधा ॲल्युमिनियममुक्त आहे. जो घाबरत नाही त्याला टाळण्याचे कारण नाही, आणि जो घाबरतो त्याला ते स्वस्तात टाळता येते. मग दुप्पट किंमत नेमकी कशाची?

ती किंमत ‘नैसर्गिक’ या शब्दाची, असे उत्तर मिळेल. हा शब्द मोठा गोड आहे. पण धोतराही नैसर्गिक आणि विंचवाचे विषही नैसर्गिक. या बाटल्यांत असते तरी काय? घटकांची यादी चष्मा लावून वाचली, तर खोबरेल तेल, मेण, मक्याचे पीठ, खाण्याचा सोडा, सुगंधी तेले अशी ओळखीची मंडळी भेटतात. निम्मे सामान घरच्या फडताळातले. यांतला खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून तो रोज चोळल्याने अनेकांच्या काखा लाल होतात, हुळहुळतात. सुगंधी तेलांचेही तसेच. ती झाडापासून आली म्हणून त्यांची ॲलर्जी येत नाही असे नाही. मग दुकानदार सांगतो की ही जळजळ म्हणजे शरीरातील विषे बाहेर पडत आहेत, थोडे सोसा. फोडाला औषध मागावे आणि वैद्याने फोडालाच औषध म्हणावे, तशातला हा प्रकार.

पण खरी गंमत पुढेच आहे. या नैसर्गिक मंडळींत एक चकचकीत पारदर्शक खडा विकला जातो. ‘खनिज स्फटिक’ असे त्याचे भारदस्त नाव. पाण्यात भिजवावा आणि काखेत फिरवावा. हा खडा म्हणजे आपली तुरटी! गढूळ पाणी निवळायला रांजणात फिरवतात ती, दाढी झाल्यावर न्हावी गालावर घासतो ती, आणि आजी दृष्ट काढून निखाऱ्यावर टाकते तीच. आता रसायनशास्त्र विचारू. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचा संयुक्त सल्फेट. शंभर ग्रॅम तुरटीत साडेपाच ग्रॅमहून अधिक ॲल्युमिनियम असते. म्हणजे ॲल्युमिनियमला भिऊन जो ग्राहक पळाला, तो वळसा घालून पुन्हा ॲल्युमिनियमच्याच दारात आला. फक्त मधल्या वाटेवर त्याचा खिसा हलका झाला. तुरटीचे कण मोठे असल्यामुळे त्वचेत शिरत नाहीत, असा एक बचाव केला जातो. पण ओल्या त्वचेवर तुरटी विरघळते. विरघळताच तिचे घटक सुटे होतात. मोठा कण उरतो कोठे?

शिवाय आज बाजारात येणारी तुरटी बहुतांशी कारखान्यात, बॉक्साइटसारख्या ॲल्युमिनियमयुक्त कच्च्या मालापासून गंधकाम्लाच्या साह्याने बनते. बॉक्साइटच्या खाणी आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर आहेत. ते खणताना डोंगराचे, झाडीचे, झऱ्याचे काय होते, हे तेथल्या माणसाला विचारावे. मग ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ थोडा अधिक खोलवर कळेल.

मी तुरटीची निंदा करीत नाही. उलट, ज्याला ॲल्युमिनियमचे भय नाही, त्याला हा इलाज स्वस्त आणि बरा आहे. तुरटी तुरट आहे, त्वचा आकसते, जीवाणूंना आवरते. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारा खडा कित्येक महिने पुरतो. फक्त नुकत्याच वस्तरा फिरवलेल्या किंवा खरचटलेल्या जागी तो लावू नये, आणि तो घाम पार थांबवील अशी अपेक्षाही ठेवू नये. जुन्या माणसांना सारे ठाऊक होते, असा पोवाडा गाण्याचीही गरज नाही. त्यांना जीवाणू ठाऊक नव्हते. पण खडा त्यांच्या हाताशी होता, आणि तो किंमत वाढवून आपल्यालाच परत विकला जात आहे, हे मात्र खरे.

आता साधा हिशेब मांडू. समजा, साधे रोल-ऑन दोनशे रुपयांना आणि ‘नैसर्गिक’ चारशेला; बाटली दोन महिने पुरते. वर्षाच्या अखेरीस फरक पडतो बाराशे रुपयांचा. नोकरदार गृहस्थाला ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु खेड्यातून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या, खानावळीचा डबा दोघांत वाटून घेणाऱ्या विद्यार्थ्याला बाराशे म्हणजे चार-पाच पुस्तके, किंवा परीक्षेच्या अर्जाचे पैसे, किंवा दिवाळीत घरी जाऊन येण्याचे भाडे. त्या बदल्यात त्याला काय मिळते? घाम थांबत नाही. रोग टळल्याचा पुरावा नाही. मिळतो तो फक्त एक निर्धास्त करणारा शब्द. अपवाद आहेत, ते मान्य केले पाहिजेत. ज्यांच्या त्वचेला नेहमीच्या बाटलीतील सुगंध किंवा क्षार खरोखर सोसत नाही, त्यांना सुगंध आणि सोडा दोन्ही नसलेले एखादे महागडे प्रसाधन उपकारक ठरू शकेल. त्यांनी ते अवश्य घ्यावे. उलट, ज्यांना घाम विकार म्हणावा इतका येतो, त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमचा क्षार हा वैद्यांचाही पहिला उपाय आहे. त्यांना या भीतीने त्यापासून दूर लोटणे हा तर अन्यायच.

परंतु पैशांपेक्षा मोठा प्रश्न लाजेचा आहे. काखेची ही लाज व्यापाराच्या हाती कशी लागली, याची एक बोलकी कथा अमेरिकेत घडली. सिनसिनाटी शहरातील एका शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी हातांना घाम सुटू नये म्हणून एक द्रव तयार केला होता. तो ॲल्युमिनियमच्याच क्षाराचा होता. त्याच्या मुलीने, एड्ना मर्फीने, तो काखेसाठी ‘ओडोरोनो’ या नावाने विकायला घेतला. तेव्हाच्या बायका अंघोळ करीत होत्या, कपड्यांत घाम शोषणारी पट्टी लावीत होत्या. या द्रवाची त्यांना गरज भासेना. मग 1919 मध्ये जेम्स वेब यंग या जाहिरातकाराने स्त्रियांच्या एका मासिकात जाहिरात दिली. तिचा आशय असा, की तुझ्या अंगाला वास येत असेल, तुला कळत नसेल, आणि लोक तुला तोंडावर सांगणार नाहीत. तेव्हाच्या सभ्यतेला ती इतकी झोंबली की सुमारे दोनशे वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. आणि विक्री? ती वर्षभरात 112 टक्क्यांनी वाढून 4 लाख 17 हजार डॉलरवर गेली. जाहिरातदारांना तेव्हा गुरुकिल्ली सापडली. वस्तू विकण्याआधी शंका विकावी; शंका विकली गेली की वस्तू आपोआप खपते.

ही किल्ली आजही चालते. 2013 मध्ये इंग्लंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही माणसांच्या अंगी जन्मतःच असा आनुवंशिक गुण असतो की त्यांच्या काखेला वास जवळजवळ येतच नाही. पूर्व आशियात अशी माणसे पुष्कळ, इंग्लंडात थोडी. त्या अभ्यासातील 6,495 स्त्रियांपैकी 117 जणी अशा निघाल्या. आणि त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणी तरीही नेमाने गंधनाशक वापरीत होत्या! ज्या रोगाचा पत्ताच नाही त्याचे औषध चालू. आपल्याकडील जाहिरातींनी तर याहून पुढची मजल गाठली. फवारा मारला की स्त्रिया धावत येतात, असे दाखवणाऱ्या जाहिरातींवर 2011 मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला हरकत घ्यावी लागली. 2022 मध्ये एका फवाऱ्याच्या जाहिराती तर लैंगिक हिंसेची थट्टा करणाऱ्या म्हणून मागे घ्यायला लावल्या गेल्या. मुलींना लाज विकायची आणि मुलांना मस्ती विकायची, असा हा दुहेरी बाजार आहे.

या पार्श्वभूमीवर ‘ॲल्युमिनियममुक्त’ या शब्दाकडे पुन्हा पाहावे. 1919 मध्ये ॲल्युमिनियमचा क्षार विकण्यासाठी लाज वापरली गेली. शंभर वर्षांनंतर तो नसलेली बाटली विकण्यासाठी भीती वापरली जात आहे. माल उलटा झाला, युक्ती तीच राहिली.

आणि आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो. वास हा मुळात बाटलीचा प्रश्न नव्हे. तो पाण्याचा, कापडाचा आणि कष्टांचा प्रश्न आहे. बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी 2014 मध्ये 26 व्यक्तींच्या सदऱ्यांची तुलना केली. व्यायामानंतर सुती सदऱ्यांपेक्षा पॉलिस्टरच्या सदऱ्यांना अधिक उग्र वास येत होता, कारण दुर्गंध निर्माण करणारे काही जीवाणू पॉलिस्टरवर अधिक फोफावतात. पण आज स्वस्त कापड म्हणजे बहुधा पॉलिस्टर. सुती सदरा महाग. गणवेशही तसलेच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलो नसू. जेथे पिण्याच्या पाण्यासाठी आगगाडीची वाट पाहावी लागते, तेथील मुलाने दोन वेळा अंघोळ करून रोज धुतलेला सदरा घालून वर्गात यावे, ही अपेक्षा कोणी करावी? तो मुलगा बाकावर येऊन बसला की शेजारचा रुमाल नाकाला लावतो. त्या रुमालामागे स्वच्छतेची आवड थोडी आणि शहाजोगपणा फार असतो.

1 मे रोजी आपण महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र साजरे करतो. व्यासपीठावरून श्रमाच्या घामाची थोरवी गायली जाते. टाळ्या पडतात. आणि परतताना एस.टी.च्या गर्दीत त्याच घामाचा मालक शेजारी उभा राहिला, की आपण खिडकीकडे तोंड वळवतो. घाम भाषणात चालतो. बसमध्ये चालत नाही. ज्याने घाम गाळून पिकवलेले आपण खातो, त्याच्याच घामाची आपल्याला शिसारी यावी, ही आपल्या सुशिक्षितपणाला शोभणारी गोष्ट नव्हे.

मित्रांनो, स्वच्छ राहू नये असे कोण म्हणेल? रोज अंघोळ करावी, काखा साबणाने नीट धुवाव्यात, पुसून कोरड्या कराव्यात, जमेल तेव्हा सुती कपडा घालावा, सदरा दुसऱ्या दिवशी न धुता अंगावर चढवू नये. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. त्यावर कोणाला फवारा मारावासा वाटला तर खुशाल मारावा; तुरटी फिरवावीशी वाटली तर फिरवावी; घाम फार येत असेल तर निर्धास्तपणे घामरोधक वापरावे. फक्त हिरव्या पानाच्या चित्रासाठी दुप्पट दाम देऊ नये. आणि दिलेच, तर ते आपल्या हौसेसाठी दिले असे म्हणावे, आरोग्यासाठी दिले असे म्हणू नये.

आणि त्यातून वाचलेल्या बाराशे रुपयांपेक्षाही मोलाची एक गोष्ट आपल्याला करता येईल. आपल्या वसतिगृहांत, आपल्या महाविद्यालयांत, मुलींच्या खोल्यांत पुरेसे पाणी येते काय, धुलाईला जागा आणि कपडे वाळवायला ऊन आहे काय, हा प्रश्न आपण विचारू शकतो. विद्यार्थी प्रतिनिधींनी तो प्राचार्यांकडे न्यावा, ग्रामसभेत न्यावा, नगरपालिकेत न्यावा. बाटली एकाच्या काखेपुरती असते. नळाला पाणी आले तर ते साऱ्या वर्गाच्या कामी येते.